मध्ययुगीन मेळाव्यात जुने युरोपीय नाच कसे शिकवावेत

मध्ययुगीन मेळाव्यात नाचाच्या वर्गाला येणारी माणसं बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी करायला तिथे आलेली असतात. कुणी सकाळभर चिलखत घालून लढलेलं असतं, कुणी तिरंदाजीच्या रांगेत उन्हात उभं राहिलेलं असतं, कुणी मोठ्या पातेल्यात सगळ्या तळाचं जेवण रांधलेलं असतं. ती मंडपाच्या कडेला उभी राहतात आणि "मला नाचता येत नाही, नुसती बघते" असं म्हणतात. शिकवणाऱ्याचं काम तिथून सुरू होतं. दोन मिनिटांच्या आत त्यांचे हात दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेले पाहिजेत आणि पावलं हलली पाहिजेत. इतिहास त्यानंतर, पाणी पिताना सांगायचा. पण जो सांगायचा तो खरा सांगायचा, कारण ही माणसं जुन्या काळावरच्या प्रेमापोटीच तंबू ठोकून बसलेली आहेत.

ज्यांनी असा मेळावा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत या छंदाची सर्वांत मोठी संघटना म्हणजे 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम', सगळ्यांच्या तोंडी 'एससीए'. १९६६ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे, लेखिका डायना पॅक्सन यांच्या घरामागच्या अंगणात झालेल्या समारंभातून ती उभी राहिली. तिचा सर्वांत गाजलेला मेळावा 'पेन्सिक'. दर उन्हाळ्यात पश्चिम पेनसिल्व्हेनियात तो सुमारे दोन आठवडे चालतो आणि दहा हजारांच्या आसपास माणसं तिथे मुक्काम करतात. तिथे प्रेक्षक असा नसतोच. सतराव्या शतकाआधीच्या पोशाखाचा प्रामाणिक प्रयत्न करायचा आणि आत यायचं. भारतीय पोशाखात येणारेही भेटतात. लढाई, शिवण, स्वयंपाक, सुलेखन यांचे वर्ग दिवसभर चालतात, त्यांतच नाचाचेही असतात, आणि रात्री नाचाची मैफल भरते.

कोणते नाच निवडावेत

सर्वांत आधी हे स्वतःशी नक्की करा की तुम्ही कोणत्या काळाचं शिकवणार आहात. 'मध्ययुगीन नाच' म्हणून जे शिकवलं जातं त्यातलं बहुतेक खरं तर पंधराव्या आणि सोळाव्या शतकातलं आहे. त्याआधीच्या नाचांची चित्रं आहेत, काव्यांत वर्णनं आहेत, सूर लिहिलेले आहेत, पण कोणत्या मात्रेवर कोणतं पाऊल टाकायचं हे लिहून ठेवलेलं नाही. सिएना शहराच्या नगरभवनात अँब्रोजो लोरेंझेत्तीने १३३८-३९ मध्ये काढलेलं भित्तिचित्र आहे. सुराज्यातलं शहर कसं असतं ते त्यात दाखवलंय. त्या शहराच्या चौकात काहीजण हातात हात गुंफून साखळीने नाचत आहेत, एकजण खंजिरी वाजवते आहे, दोघांनी हात उंचावून कमान केली आहे आणि साखळी तिच्याखालून वळत चालली आहे. साखळीनाच होता, गात गात होता, कमानीखालून जाणं होतं, इतकं या चित्रावरून नक्की म्हणता येतं. वर्ग संपताना अशी साखळी काढून सगळ्यांना तंबूंमधून फिरवून आणायला फार मजा येते. मी ती काढतेच, पण "हे चित्रावरून केलेलं आहे, पावलं आपली आहेत" हे आधी सांगते.

पावलांसकट लिहिलेलं साहित्य हवं असेल तर चार मोठे झरे आहेत. पंधराव्या शतकातल्या इटलीत दोमेनिको दा प्याचेन्झा आणि त्याचे शिष्य गुल्येल्मो एब्रेओ व अँतोनिओ कोर्नाझानो. त्याच शतकात बर्गंडीच्या ड्यूकांच्या दरबारातला 'बास दान्स' हा संथ नाच, ज्याची एक पोथी ब्रुसेल्सच्या राजग्रंथालयात आहे, काळ्या पानांवर सोन्याचांदीच्या शाईने लिहिलेली. फ्रान्समध्ये १५८९ साली लांग्र इथे छापलेलं त्वानो आर्बोचं 'ऑर्केसोग्राफी'. आणि इंग्लंडात जॉन प्लेफर्डने १६५१ मध्ये छापलेलं 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर', त्यात १०५ नाच आहेत.

नवख्यांसाठी माझी निवड ठरलेली आहे: आर्बो. हा लांग्रच्या चर्चमधला धर्मगुरू, खरं नाव जां ताबुरो. त्याच नावाची अक्षरं उलटीपालटी करून त्याने पुस्तकावर घातली. पुस्तक छापलं तेव्हा तो सत्तरीला टेकलेला होता. सगळं पुस्तक म्हणजे त्याच्यात आणि काप्रिओल नावाच्या तरुण विद्यार्थ्यात झालेला संवाद आहे. काप्रिओल कायदा शिकून आलाय, तलवार आणि टेनिस त्याला येतं, पण बायकांच्या समाजात वावरायचं तर नाच हवा असं त्याला वाटतं. आर्बो त्याला समजावतो की नाचामुळे प्रेमिकांना एकमेकांची तब्येत धडधाकट आहे का ते कळतं, आणि शेवटी चुंबनाची मुभा असल्याने श्वासाला दुर्गंधी नाही ना तेही कळतं. वर्गात हे सांगितलं की माणसं हसतात आणि मोकळी होतात. पण आर्बो निवडण्याचं खरं कारण त्याच्या पानाच्या मांडणीत आहे. त्याने सूर उभा छापला आणि प्रत्येक स्वरासमोर त्या वेळी कोणतं पाऊल ते लिहिलं. त्यामुळे चारशेपेक्षा जास्त वर्षांनंतरही कोणता पाय कोणत्या मात्रेवर पडतो याबद्दल वाद कमी राहतो. इटालियन ग्रंथांच्या बाबतीत ही सोय नाही.

प्लेफर्डबद्दल एक गोष्ट स्पष्ट ठेवावी. १६५१ हे साल एससीएच्या काळमर्यादेच्या बाहेर आहे, तरी 'गॅदरिंग पीसकॉड्स' किंवा 'रफ्टी टफ्टी' इतके लाडके आहेत की ते नाचले जातातच. 'होल इन द वॉल' तर त्याहूनही पुढचा. त्याचा सूर हेन्री पर्सेलने १६९५ च्या नाटकासाठी लिहिलेला आहे. लोकांना तो आवडतो, मलाही आवडतो. तो नाचावा, फक्त मध्ययुगीन म्हणून सांगू नये.

जागा, जमीन, पायताण

गवतावरचा वर्ग असेल तर आधी स्वतः अनवाणी फिरून बघा. तंबूच्या दोऱ्या, खुंट्या, बिळं, उतार. वर्तुळ उताराच्या मधोमध आलं की एका बाजूची माणसं धावतात आणि दुसऱ्या बाजूची चढ चढतात, लय तिथेच मोडते. शक्यतो सपाट भाग शोधा, नसेल तर वर्तुळ लहान करा आणि दोन करा.

त्या काळच्या पद्धतीने शिवलेल्या चामडी तळव्याच्या बुटांना ओल्या गवतावर पकडच नसते. दव पडल्यावर उड्यांचे नाच घेऊ नयेत, हा माझा पक्का नियम आहे. वर्ग सुरू करण्याआधी तीन सूचना द्याव्या लागतात: तलवार, खंजीर आणि कमरेला लटकणारे पेले काढून बाजूला ठेवा, लांब झगा असेल तर घोळ कमरपट्ट्यात खोचा, पाणी पिऊन या. उन्हाळ्यात लोकरीच्या कपड्यात नाचणारा माणूस किती लवकर कोमेजतो हे त्याच्या आधी तुमच्या लक्षात आलं पाहिजे. प्रत्येक दोन नाचांनंतर सावलीत थांबायचं. इतिहास सांगायचा तो याच वेळी.

संगीत

जिवंत वादक मिळाले तर सोनंच. एका हाताने बासरी आणि दुसऱ्या हाताने लहान ढोल वाजवणारा एकच वादक त्या काळात नाचाला पुरत असे, आणि आजही पुरतो. वादकांशी आधी तीन गोष्टी ठरवा: सूर किती वेळा वाजवायचा, सुरुवातीला किती मात्रांचा ठेका द्यायचा, आणि थांबायची खूण काय. शिकवताना त्यांनी नुसता ढोल वाजवला तरी चालतं. माणसांना सुरापेक्षा ठेका लवकर पकडता येतो.

वादक नसतील तर ध्वनिमुद्रण आणि बॅटरीवरचा स्पीकर. स्पीकर कापडाखाली झाका, म्हणजे डोळ्यांना खुपत नाही. एकाच नाचाची दोन मुद्रणं जवळ ठेवा, एक संथ, एक नेहमीच्या गतीचं, किंवा फोनवर गती कमी करणारं अ‍ॅप वापरा. घरी बसून प्रत्येक मुद्रण मोजा: आधी किती मात्रा नुसत्या जातात, सूर किती वेळा येतो, मधे कुठे वादकांनी हौसेने जादा आवर्तन घातलंय का. हे न मोजता वर्गात गेलात तर सगळं वर्तुळ तुमच्याकडे बघत चुकेल.

पहिला नाच: डबल ब्रान्ल

हा भाग मी सविस्तर सांगते, कारण हा जमला की बाकीचं सोपं आहे.

'ब्रान्ल' हा वर्तुळात किंवा साखळीत हात धरून बाजूबाजूने करायचा नाच. त्यात दोनच पावलं शिकायची असतात. 'सिंगल' म्हणजे दोन मात्रा: डावा पाय डावीकडे, उजवा त्याला जोडला. 'डबल' म्हणजे चार मात्रा: डावा डावीकडे, उजवा जवळ, डावा डावीकडे, उजवा जोडला. उजवीकडे जाताना हेच उलट. डबल ब्रान्ल म्हणजे एक डबल डावीकडे, एक डबल उजवीकडे, आणि हेच सूर संपेपर्यंत.

सगळ्यांना वर्तुळात उभं करा आणि तुम्ही स्वतः वर्तुळातच उभे राहा, हात धरून. मधोमध उभं राहायचं नाही. मधे उभं राहिलात की निम्म्या माणसांकडे तुमची पाठ होते आणि उरलेल्यांना तुमचा डावा उजवा वाटतो. समोर ओळीत शिकवायची वेळ आली तर वर्गाकडे पाठ करून उभं राहावं आणि मान वळवून बोलावं.

मग एवढंच म्हणा: "डावीकडे, जोडा, डावीकडे, जोडा. उजवीकडे, जोडा, उजवीकडे, जोडा." संगीताशिवाय चार वेळा. आधी चालण्याच्या गतीने, मग जरा जलद. शब्द पावलाच्या थोडं आधी आला पाहिजे. पाऊल पडतानाच "डावीकडे" म्हणालात तर माणूस अर्धी मात्रा मागे राहतो, आणि तो मागे राहण्याची लाज तुमच्या चुकीमुळे त्याला वाटते. इथल्या वर्गांत अर्थातच हे इंग्रजीत म्हणायचं असतं. मराठी मंडळींच्या घोळक्याला शिकवायची संधी मिळाली तर दिशा सांगणं फार सोपं होतं: वर्तुळाकडे तोंड करून डावीकडे सरकणं म्हणजे प्रदक्षिणेची दिशा.

डावीकडे चार मात्रा आणि उजवीकडे चार मात्रा गेलो तर वर्तुळ जागच्या जागीच राहील, हे कुणाच्या तरी लक्षात येतंच. उत्तर आर्बोने दिलंय: उजवीकडची पावलं लहान टाका. वर्तुळ हळूहळू डावीकडे सरकत राहतं. हे लगेच सांगू नका. आधी जागच्या जागी नाचू द्या, मग सांगा, आणि वर्तुळ पहिल्यांदा फिरायला लागलं की लोकांचे चेहरे बघा.

आता संगीत लावा आणि तुम्ही बोलणं हळूहळू बंद करा. पहिल्या आवर्तनात सगळं म्हणा, दुसऱ्यात फक्त "डावी" आणि "उजवी", तिसऱ्यात गप्प. शिकवणाऱ्याला गप्प बसणं सर्वांत कठीण जातं. पण तुमचा आवाज थांबल्याशिवाय त्यांना ढोल ऐकू येत नाही.

पाठोपाठ सिंगल ब्रान्ल घ्या: डबल डावीकडे, सिंगल उजवीकडे. मग 'ब्रान्ल गे', ज्यात न थांबता डावीकडेच जायचं आणि पाय जरा हवेत उचलायचे. त्यानंतर बर्गंडीचे ब्रान्ल. हा क्रम माझा नाही. आर्बो सांगतो की वादक याच क्रमाने वाजवायला सुरुवात करत, कारण मेजवानीला सगळ्या वयांची माणसं असत: वयस्क मंडळी डबल आणि सिंगल ब्रान्ल गंभीरपणे नाचत, तरुण विवाहित ब्रान्ल गे नाचत, आणि सर्वांत लहान पोरंपोरी बर्गंडीचे नाचत, आणि प्रत्येकजण आपापल्या परीने भाग घेई. एका वाक्यात त्याने शिक्षकाला कार्यक्रमाची आखणी करून दिली आहे. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना पहिल्या दोन नाचांत मान मिळतो, आणि मुलांना आपली पाळी येणार हे माहीत असतं.

मंगळागौरीचे खेळ खेळलेल्या बायका या नाचात फार लवकर रुळतात. हात धरून वर्तुळात फिरणं, शेजारणीच्या वजनाचा अंदाज घेणं त्यांच्या अंगात असतं. एकच काळजी घ्यावी लागते: कमरेचा आणि मनगटाचा लचका आपोआप येतो, तो इथे नको. अंग सरळ, खांदे सैल, धरलेले हात खाली.

नकलांचे ब्रान्ल

डबल आणि सिंगल बसल्यावर नकलांकडे या. आर्बोच्या पुस्तकातला हा भाग लोकांना सर्वांत प्रिय आहे.

धोबिणींचा ब्रान्ल आधी घ्या. सुरुवात नेहमीच्या डबलने, डावीकडे आणि उजवीकडे. मग सिंगल डावीकडे, सिंगल उजवीकडे करताना जोडीतला एकजण कमरेवर हात ठेवून ऐकतो आणि दुसरा त्याला बोट हलवून रागावतो. लगेच पाळी उलटते. शेवटी डावीकडच्या डबलवर टाळ्या, जणू पाटावर कपडे धोपटत आहोत, उजवीकडे टाळ्यांविना, पुन्हा डावीकडे टाळ्यांसह, आणि जागच्या जागी पाय उडवत गिरकी. कोणता तुकडा किती वेळा येतो ते तुमच्या मुद्रणावर बघून ठरवा, कारण वादक यात बदल करतात. रागावण्याचा भाग शिकवताना "खरं रागवा" असं सांगा. भित्रा माणूस याच क्षणी नाचात उतरतो, कारण त्याला पावलांऐवजी दुसरं काहीतरी करायला मिळतं.

वाटाण्यांच्या ब्रान्लमध्ये उड्या आहेत: डबलनंतर जोडीतल्या एकाची एक मोठी उडी, दुसऱ्याची एक, मग पहिला डावीकडे जरा सरकून तीन लहान उड्या मारतो. पुढच्या वेळी क्रम उलटा. घोड्यांच्या ब्रान्लमध्ये जोडीने दोन्ही हात धरून डबल करायचे आणि मग आळीपाळीने घोड्यासारखा पाय जमिनीवर आपटायचा. मुलं असतील तर हा टाळूच नये. माल्टाचा ब्रान्ल मात्र थोडा अनुभव असलेल्यांना द्या. त्यात वर्तुळ आत येतं, हातवारे बदलत जातात, आणि नाटकीपणा न करता गांभीर्याने केला तरच तो उठतो.

आर्बो पुरुष आणि बाई असंच लिहितो, बाई पुरुषाच्या उजव्या हाताला. वर्गात मी 'डावीकडचा' आणि 'उजवीकडचा' असे शब्द वापरते. वर्गात बायका जास्त असोत की पुरुष, दोन मैत्रिणींना एकत्र नाचायचं असो, या शब्दांनी कुणाची अडचण होत नाही. पूर्वी ते कसं लिहिलं होतं ते एकदा सांगितलं की पुरे.

जोडीदार बदलणारे नाच

अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलतं करायचं असेल तर 'ब्रान्ल दे लोफिसियाल' घ्या. डबल डावीकडे, डबल उजवीकडे, पुन्हा तेच, मग डावीकडे सलग सिंगल करत फिरायचं आणि शेवटी पुरुषाने बाईला कमरेला धरून उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायचं. प्रत्येक आवर्तनाला नवा जोडीदार. सूर बहुतेकांच्या ओळखीचा निघतो, कारण विसाव्या शतकात त्यावर इंग्रजीत नाताळचं गाणं बसवलं गेलं.

उचलण्याबद्दल स्पष्ट बोला, नाच सुरू होण्याआधी, सगळ्यांसमोर. उचलणं म्हणजे वर फेकणं नाही. उडी बाई मारते, जोडीदार फक्त आधार देतो. एखादीला स्वतःला उचलून घ्यायचं नसेल तर तिने दोन्ही हात पुढे करावेत, जोडीदाराने ते धरावेत आणि दोघांनी गिरकी घेऊन जागा बदलावी. ही पर्यायी रीत तुम्ही स्वतः आधी करून दाखवा, म्हणजे ती निवडणाऱ्याला ओशाळं वाटत नाही. ज्यांची पाठ दुखते अशा उचलणाऱ्यांनाही हीच रीत उपयोगी पडते. कुणाचा हात नको तिथे जातोय असं दिसलं तर नाच थांबवा आणि त्या माणसाला बाजूला घेऊन बोला. नाचाच्या वर्गात येणाऱ्या नव्या मुलीला इथे आपण सुरक्षित आहोत हे कळलं पाहिजे, आणि ते शिक्षकाच्या वागण्यावरूनच कळतं.

मशालीचा ब्रान्लही असाच माणसं जोडणारा आहे. हातात दिवा असलेला माणूस नाचत फिरतो, जोडीदार निवडतो, तिच्याबरोबर नाचतो, दिवा तिच्या हाती देतो आणि निरोप घेतो. मग ती दुसऱ्याला निवडते. मूळ नाचात मशाल किंवा मेणबत्ती. तंबूत, लांब बाह्यांच्या कपड्यांत, बॅटरीचा कंदील. याबाबत मी कुणाचंही ऐकत नाही.

पावान आणि गालियार्द

लोक दमले की पावान. दोन सिंगल आणि एक डबल पुढे, दोन सिंगल आणि एक डबल मागे, किंवा सगळंच पुढे. जोड्या एकामागे एक, हात हलकेच धरलेले. ढोलावर एक लांब ठोका आणि दोन आखूड, अखंड. आर्बोने चार आवाजांत गायचं एक पावान गीत ढोलासकट छापलं आहे, गाणारी मंडळी असतील तर ते जरूर घ्या. पावलं पाच मिनिटांत येतात, पण चालणं यायला वेळ लागतो. गुडघे सैल, टाच हळू टेकते, नजर समोर. झगा आणि लांब बाह्या कशासाठी असतात ते पावान चालताना कळतं. मेजवानीच्या आधी सगळ्यांनी मंडपात प्रवेश करायचा असेल तर यापेक्षा चांगला नाच नाही.

पावाननंतर गालियार्द यायचा अशी रीत होती. तो अवघड आहे. सहा मात्रांत चार वेळा आळीपाळीने पाय पुढे उडवायचे, पाचव्या मात्रेवर उडी आणि सहाव्यावर एक पाय पुढे ठेवून स्थिर उभं राहायचं. 'पाच पावलं' म्हणतात ती हीच. पहिल्याच वर्गात यापुढे जाऊ नका. शिकवताना शेवटच्या दोन मात्रांपासून सुरुवात करा: उडी आणि स्थिर, उडी आणि स्थिर. उतरणं बसलं की आधीची चार पावलं जोडायची. पहिल्या पावलापासून शिकवायला घेतलं की माणूस धापा टाकत भलत्या पायावर उतरतो, आणि गुडघ्याला झटका बसतो.

इटालियन नाच दुसऱ्या दिवशी

पंधराव्या शतकातले इटालियन 'बाल्लो' माझे सर्वांत लाडके आहेत, आणि म्हणूनच मी ते पहिल्या दिवशी शिकवत नाही. एकाच नाचात गती बदलते. बास्सादान्झा सर्वांत संथ, मग क्वादेर्नारिया, मग साल्तारेल्लो, आणि पिवा सर्वांत द्रुत, बास्सादान्झाच्या दुप्पट. त्यातून प्रत्येक बाल्लोची स्वतंत्र रचना असते आणि तिच्यात छोटी कथा असते. दोमेनिकोचा 'जेलोसिया', म्हणजे मत्सर, तीन जोड्यांचा आहे, आणि त्यात जोडीदार बदलत जातात. त्याचाच 'आनेल्लो' दोन जोड्यांचा आणि तुलनेने सोपा, तिथून सुरुवात करावी.

गुल्येल्मोने १४६३ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात चांगल्या नाचणाऱ्याला लागणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत: लय, स्मरण, जागेची वाटणी, अंगाचा हलका उठाव, पावलाबरोबर अंगाचं डौलदार वळण, आणि शरीराची हालचाल. यातली तिसरी मी पहिल्या तासाला घेते. मंडपाच्या एका टोकाला जोडी उभी करायची आणि आठ पावलांत बरोबर दुसरं टोक गाठायला सांगायचं. मग तेच अंतर सहा पावलांत, मग बारा. जागा मोजायला शिकलेला माणूस दुसऱ्यावर आदळत नाही, आणि मेळाव्याच्या गर्दीत याहून मोलाचं काही नाही.

इथे एक गोष्ट वर्गाला जरूर सांगा. इटालियन ग्रंथ पावलांची नावं देतात, पण पाऊल नेमकं कसं टाकायचं ते बऱ्याचदा वाचकाला माहीतच आहे असं धरून चालतात. म्हणून एकाच नाचाच्या वेगवेगळ्या शिक्षकांच्या रीती वेगळ्या असतात. दुसऱ्या गावाहून आलेला कुणी "आमच्याकडे असं करतात" म्हणाला तर त्याला चूक ठरवू नका. आज या मंडपात कोणती रीत ते सांगा आणि पुढे चला, वाद जेवताना घाला. असे वाद फार रंगतात.

रात्रीची मैफल

दिवसा शिकवलेलंच रात्री नाचायचं. मैफलीत नवीन नाच शिकवायला बसलात तर वादक ताटकळतात आणि नाचणारे पांगतात. फार तर एखादा ब्रान्ल, तोही एकदा पावलं बोलून दाखवून.

यादी करताना दोन जोरदार नाचांनंतर एक संथ ठेवा, आणि नवख्यांना येणारा एक नाच प्रत्येक तीन-चार नाचांत असू द्या. नाहीतर जाणकार मंडळी एकामागून एक अवघड बाल्लो मागत राहतात आणि दुपारी शिकलेली माणसं भिंतीला टेकून उभी राहतात. जाणकारांना मी आधीच गाठून विनंती करते की पहिल्या तासात प्रत्येकाने नवख्या जोडीदाराबरोबरच नाचावं. जे खरंच नाचावर प्रेम करतात ते आनंदाने तयार होतात.

नाचाचं नाव पुकारताना किती माणसं लागतात तेही पुकारा: "धोबिणींचा ब्रान्ल, वर्तुळात जोड्या, कितीही." "आनेल्लो, चौघांचे गट." एखादा गट अपुरा राहिला तर तुम्ही स्वतः आत शिरा. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या किंवा काठी घेऊन आलेल्या माणसाला पावान आणि डबल ब्रान्लमध्ये सहज सामावून घेता येतं. वर्तुळ जरा मोठं करायचं, गती उतरवायची आणि शेजारी अनुभवी माणूस ठेवायचा. त्याला आधी विचारा, परस्पर ठरवू नका. ज्यांना नाचायचंच नाही त्यांच्या हातात खंजिरी द्या. ठेका धरणारा माणूसही नाचातलाच.

कुणी नाचताना चुकलं तर थांबवून सुधारू नका. वर्तुळात चुकीच्या बाजूला गेलेला माणूस शेजाऱ्यांच्या हातांनी दोन आवर्तनांत आपोआप ठिकाणावर येतो. पूर्ण गोंधळ उडाला तर हसून वादकांना खूण करा आणि सूर पहिल्यापासून घ्या.

मैफल संपवण्यासाठी तंबूंतून फिरणारी साखळी उत्तम, फक्त झोपलेल्या तळापासून लांब न्या, रात्रीच्या शांततेची वेळ मेळाव्याच्या नियमांत लिहिलेली असते. पुढे कंदील घेतलेला माहीतगार माणूस ठेवा, त्याला दोऱ्या-खुंट्यांची वाट दिवसाच दाखवून ठेवा, आणि शेवटच्या टोकाला दुसरा, म्हणजे अंधारात कुणी मागे राहणार नाही. साखळी परत मंडपात आली की दुसऱ्या दिवशीच्या वर्गाची वेळ आणि जागा मोठ्याने सांगा. त्या वेळी सगळे एकत्र असतात, आणि सकाळी फळ्यावरची सूचना फारसं कुणी वाचत नाही.